काठवट आणि खुंटी

गेल्या उन्हाळ्यात लोणावळ्याच्या एका हॉटेलचा मॅनेजर माझ्या शेडवर आला. पांढरा शर्ट, पांढरे बूट. जेवणघराच्या भिंतीवर लावायला त्याला काठवटी हव्या होत्या. मी चार काढून दाखवल्या. त्यानं हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"आजी, ह्या फारच गुळगुळीत आहेत. थोड्या तडा गेलेल्या मिळतील का? जुन्या वाटायला पाहिजेत."

"तडा गेलेली एकच आहे," मी म्हटलं. "तिच्यात कोंबड्या दाणे खातात. त्यांना विचारून घ्या."

तो हसला. मी काही हसवण्यासाठी बोलले नव्हते. काठवटीला तडा जाऊ नये म्हणून मी हाडं झिजवली आणि हा माणूस तडा विकत मागत होता. शेवटी धडधाकट सहा घेऊन गेला. भाकरी थापायची वस्तू भिंतीला टांगून काय मिळतं ते त्याचं त्याला ठाऊक.

कोंबड्यांची ती काठवट माझ्या हातची दुसरी. पहिली शेडच्या पत्र्यावर आपटून फुटली. तिसरी जमली, म्हणून मी तिसरीलाच पहिली म्हणते. दिवाळी अंकवाल्या बाई म्हणाल्या, आयुष्याबद्दल लिहा. माझं शिक्षण चौथी. सगळं आयुष्य मला लिहायला जमणार नाही आणि तुम्हाला वाचायला वेळ नाही. एक काठवट नीट सांगते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी कामाचं सांगते. लाकूड गरगर फिरवायचं आणि पटाशी, म्हणजे लांब दांड्याची धारदार छिन्नी, लावून त्याला गोल आकार द्यायचा, ह्याला कातकाम म्हणतात. लाटणी, ताकाच्या रव्या, भोवरे, पाळण्याच्या दांड्या, बाजेचे पाय, हे सगळं कातकाम. आता लाकूड मोटर फिरवते. मी ह्या कामाला लागले तेव्हा बाई फिरवायची.

लेथ दोरीचा होता. दोन खांबांमध्ये लाकूड दोन्ही टोकांनी अडकवायचं आणि त्याला दोरीचे दोन वेढे द्यायचे. दोरीची टोकं समोर बसलेल्या बाईच्या दोन हातांत. उजव्या हातानं ओढलं की लाकूड कारागिराच्या अंगावर फिरतं. तेवढ्यात तो पटाशी लावतो. डाव्या हातानं ओढलं की लाकूड उलटं फिरतं. तेव्हा तो पटाशी केसभर उचलतो. लाव, उचल. लाव, उचल. दिवसभर हेच. नवरा कारागीर आणि बायको दोरीला, अशीच जोडी असायची. लाटणं चांगलं झालं की लोक कारागिराचं नाव विचारायचे. दोरी कोणी ओढली हे कोणी विचारलेलं मला आठवत नाही.

कान्हे स्टेशनच्या मागं आबांची शेड होती. आबा कातारी, पिढ्यानपिढ्यांचा धंदा. माझा नवरा त्यांच्या हाताखाली शिकून कारागीर झाला. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. ते जाऊन नऊ वर्षं झाली, आता घेतलं तर रागवायला कोण आहे. त्यांचं नाव बबन. मी बारा वर्षं त्यांच्यासमोर बसून दोरी ओढली.

शेडमध्ये दोन लेथ होते. एक आबांचा, एक आमचा. प्रत्येक लेथच्या वर भिंतीत एक लाकडी खुंटी. ज्याचा लेथ त्याची पिशवी त्या खुंटीला. पिशवी बघितली की लेथ कोणाचा ते कळायचं, विचारायला लागत नसे. दोरीवालीला खुंटी नव्हती. माझं भाकरीचं फडकं बारा वर्षं खाली भुशात. दुपारी आधी फडकं झटकायचं, मग भाकरी सोडायची. तरी भुसा जायचाच पोटात. कोणत्या झाडाचा ते मी चवीवरून सांगायची.

पटाशीला बाईनं हात लावायचा नाही, असा शेडचा नियम. बाईचा हात लागला की लाकूड फुटतं म्हणायचे. लाकूड पुरुषांच्या हातातही फुटायचं. तेव्हा मात्र लाकडाला नावं ठेवायचे.

आणखी एक सांगून टाकते. आम्ही बौद्ध. आबांच्या ओट्यावरच्या कोनाड्यात आमचे चहाचे दोन कप वेगळे ठेवलेले असत. आबा माणूस वाईट नव्हता. पण कप वेगळा होता.

मग आबांनी मोटरी आणल्या. लाकूड एकाच बाजूनं, न थांबता फिरायला लागलं. दोरीचं काम संपलं. आबा मला म्हणाले, "सोना, आता हितं तुला काय काम न्हाई. भाताच्या लावणीला जा." माझ्या खांद्यांना बरं वाटलं. पोटाला नाही.

वर्षाच्या आतच मोटरवर बाजेचा एक पाय फुटला आणि त्याची ढलपी बबनच्या डाव्या डोळ्यात गेली. पुण्याच्या दवाखान्यात दहा दिवस काढले. डोळा गेला तो गेलाच. एका डोळ्यानं माणसाला दिसतं सगळं, पण वस्तू किती लांब आहे ते कळत नाही. लेथच्या पुढं एक लोखंडी पट्टी असते. पटाशी आधी तिच्यावर टेकवायची आणि मग लाकडाला लावायची. बबन पट्टीवर टेकवायला जायचे आणि हवेत टेकवायचे. दोनदा बोटं थोडक्यात वाचली. आबांनी त्यांना लेथवरून उठवलं. बरोबरच केलं.

ते घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. महिनाभर बोलले नाहीत. मी त्यांना नको ते बोलले. एकदा म्हटलं, "डोळा गेलाय, जीभ न्हाई गेली. भिंतीनं तरी किती सोसावं."  आयुष्यात मी बऱ्याच लोकांना बरंच बोलले आहे. तेवढं एक बोलणं मात्र परत घेता आलं असतं तर घेतलं असतं.

लेथ रिकामा होता. बबनची पिशवी खुंटीला तशीच लटकत होती. ती जागा आबा त्यांच्या भाच्याला, दिनकरला, देणार असं ऐकलं. दिनकर तोवर तयार मालाला घासकागद मारायचा. हात चांगला, तोंड वाईट. जागा एकदा दिनकरला गेली की आमच्या घरातून हे काम गेलं, हे मला कळत होतं. चिखलातली मजुरी मी आयुष्यभर केली असती. पण बारा वर्षं ज्या लेथला मी फिरवलं, तो दुसऱ्याच्या हातात जाणार हे काही पटेना. मी उठले आणि शेडवर गेले.

"आबा, तो लेथ मला द्या."

आबा विडी ओढत होते. "दोरी गेली सोना. आता कुटं दोरी."

"दोरी न्हाई मागत. लेथ मागते."

दिनकर मागं हसला. "द्या की मामा. वहिनी लाटणं करत्याल आन् त्यानंच बबनभाऊला हाणत्याल."

"तुला बी हाणीन," मी म्हटलं. "तुझं जरा जड करीन."

आबा हसले नाहीत. त्यांनी विडी संपवली, विझवली, मग बोलले. "लाटणं कोन बी करतंय. काठवट कर. दसऱ्याला माज्या घरात तिच्यात भाकरी थापली पायजे. फुटली न्हाई, डुगडुगली न्हाई, तर लेथ तुजा. न्हाई जमलं तर दिनकरचा. तवर बबनची पिशवी ऱ्हाऊ दे तितं."

तेव्हा भाताची लावणी चालू होती. दसऱ्याला तीन महिने होते.

काठवट का सांगितली ते कळायला पाहिजे. लाटणं दोन्ही टोकांना धरलेलं असतं. काठवट एकाच बाजूनं धरायची. लाकडाचा जाड गोल तुकडा लोखंडी तबकडीला चार स्क्रूंनी आवळायचा. मागची बाजू धरलेली, पुढची मोकळी. त्या मोकळ्या बाजूनं पोट कोरत जायचं. तांदळाच्या पिठाची ओली भाकरी थापायची तर काठवट चांगली हातभर रुंद लागते. एवढं ओंडकं गरगर फिरत असतं आणि त्याच्या पोटात तुम्ही पटाशी घालून उभे असता. आबांनी मला सोपं काम दिलं नव्हतं. जमू नये म्हणूनच दिलं होतं, असं मला तेव्हा वाटलं. आताही वाटतं.

आंब्याचं लाकूड त्यांनी दिलं. लावणीवरून आले की तासभर उजेड असायचा, तेवढ्यात मी शेडवर काम करायची. पहिल्याच दिवशी पटाशी लाकडात अडकली, स्क्रू उपटले गेले आणि ओंडकं वर पत्र्यावर जाऊन आदळलं. खाली पडलं तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले होते. आबांची चहाची किटलीसुद्धा चेपली.

दिनकर किटली उचलून म्हणाला, "मामा, काठवट न्हाई पन ताटली झाली बगा किटलीची."

मला काय चुकलं ते कळेना. पटाशी पट्टीवर टेकवली होती. धार लावलेली होती. स्क्रू आवळलेले होते. दिनकरला विचारलं तर तो म्हणाला, स्क्रू बारीक होते. आबांनी सांगायला नकार दिला. म्हणाले, "शिकवायचं ठरलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी बबनला दंडाला धरून उठवलं. "हितं भिंत बगता ती तितं येऊन बगा. शेडलाबी भिंत हाय."

आले. भुशाच्या पोत्यावर माझ्याकडं पाठ करून बसले. मोटर चालू होणार, ढलप्या उडणार, आणि राहिलेला एक डोळा त्यांना जपायचा होता. मी नवीन ओंडकं लावलं आणि काम सुरू केलं. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. महिन्यात पहिला.

"उचललीस."

मी मोटर बंद केली. "काय?"

"पटाशी उचललीस. परत लावलीस. परत उचललीस. लाकूड उलटं कुटं फिरतंय आता?"

 बारा वर्षं मी दोरी ओढली होती. उजव्या हाताला पटाशी लागते, डाव्या हाताला उठते, हे समोर बसून बघितलं होतं. ते माझ्या अंगात गेलं होतं. मोटरवर लाकूड सारखं एकाच बाजूला फिरत होतं, उचलायचं काही कारणच नव्हतं. पण माझा हात दोरीच्या ठेक्यावर उठत होता. दर वेळी उठून परत लाकडात शिरायचा, आणि शिरताना खोल गेला की अडकायचा. ही चूक दिनकरकडून झालीच नसती. आबांकडूनही नाही. दोरीवर बसलेल्या बाईचीच ती चूक.

"तुमाला कसं कळलं? पाठ हाय हिकडं."

"आवाज तुटतुया," ते म्हणाले. "पटाशी लाकडात आसली की एकसारखा आवाज येतो. तुजा सुरर थांब, सुरर थांब येतुया. दोरीसारका."

त्या दिवसापासून आमचं असं चाललं. मी लेथवर, ते भिंतीकडं तोंड करून पोत्यावर. हात उठला की मागून आवाज यायचा, "उचललीस." पहिल्या दिवशी मी मोजलं नाही, पण एवढ्या वेळा आलं की दिनकर त्यांची नक्कल करायला लागला. मी घाम पुसायला पदर उचलला तरी म्हणायचा, "उचललीस, वहिनी."

दुसरी काठवट तयार झाली. आतून सगळ्या लाटा लाटा, खाचरांच्या बांधांसारख्या. पण काठवट होती. मी खुशीत घरी नेली. लाकूड ओलं होतं, ते वाळवायला हवं होतं. मावळात पावसाळ्यात कपडे, बोंबील, बियाणं, काही वाळवायचं झालं की चुलीच्या वर टांगलेल्या फळीवर ठेवतात. मीही ठेवली. डोकं चालवायला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी करत होते तर वरून 'टक' असा आवाज आला. बघते तर काठापासून बुडापर्यंत तडा. ओल्या लाकडाचा बाहेरचा भाग आधी वाळला, आवळला, आणि आत ओल तशीच राहिली. मग फुटणारच.

श्रावण लागला होता. तिसऱ्या ओंडक्याएवढंच लाकूड उरलं होतं आणि आबांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी देणार नाही. ओलं लाकूड कातायचं, सावकाश वाळवायचं, वाळताना ते थोडं वाकडं होणार, मग परत लेथवर लावून सारखं करायचं. एवढं सगळं दसऱ्याच्या आत.

वाळवायचं कसं, ते मला कोणी सांगितलं नाही. लग्नाआधी मी लोणावळ्याला मावशीकडं राहायची. स्टेशनजवळ एक सरबतवाला होता. तो बर्फाची लादी भाताच्या तुसात पुरून ठेवायचा. उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळपर्यंत लादी टिकायची. मी विचार केला, तूस बर्फाला इतकं सावकाश वितळू देतं, तर लाकडालाही सावकाश वाळू देईल. कामशेतच्या गिरणीतून मी दोन पोती तूस आणलं. आमच्याकडं तुसाला काय तोटा.

तिसरी काठवट मी जाड ठेवली, बोटाच्या दोन पेरांएवढी. पोत्यात तूस, तुसात काठवट, वर परत तूस. आठवड्यातून एकदा काढायची आणि वाण्याच्या तराजूत घालायची. वजन कमी झालं म्हणजे पाणी उतरलं. वाणी विचारायचा, "सोनाबाय, ही काठवट इकायची हाय का माजं डोकं खायचं हाय?" मी म्हणायची, "दोनी."

पितृपक्षात वजन उतरायचं जवळजवळ थांबलं. पाणी पुरतं गेलं नव्हतं, पण दसरा माझ्यासाठी पुढं जाणार नव्हता. काठवट काढली. तडा नव्हता. थोडी लांबट झाली होती, गोल राहिली नव्हती.

आणि अवघड काम पुढंच होतं. लांबट झालेली काठवट फिरवली की तिचा काठ एकदा जवळ येतो, एकदा लांब जातो. अशा वेळी हात उठला आणि परत शिरला, तर पटाशी अडकणारच. पहिल्यासारखी पत्र्यावर जाणार. दुसरं लाकूड नाही, दुसरी वेळ नाही. लेथ दिनकरचा.

दसऱ्याला चार दिवस होते. आबा त्यांच्या लेथवर होते, पण त्यांनी मोटर बंद ठेवली होती. दिनकर घासकागद हातात घेऊन उभा होता.  बबन पोत्यावर, भिंतीकडं तोंड.

मी पटाशी पट्टीवर टेकवली, काखेत दांडा दाबला आणि लावली.

बाहेरची बाजू झाली. मागून आवाज नाही. आत शिरले. काठाकडून बुडाकडं, एका दमात. आवाज नाही. परत काठाकडून. भुसा हातावर, तोंडावर, पदरात. आवाज नाही. मला वाटलं, बबन उठून चहाला गेले असतील. मान वळवून बघायची सोय नव्हती. शेवटी बुडाशी आले, बूड सपाट केलं आणि मोटर बंद केली. मग मागं बघितलं. ते तिथंच बसले होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. तुमी काय बोलला न्हाई."

"बोलायला काय व्हतं?"

काठवट मी उतरवली, कागद मारला, शेंगदाण्याचं तेल चोळलं. आबा उठले. त्यांनी ती फरशीवर ठेवली आणि काठावर बोट दाबलं. डुगडुगली नाही. नखानं वाजवली. मग आतून अंगठा फिरवला, सावकाश, डोळे मिटून. एका जागी अंगठा थांबला.

"हितं उचललीस."

मी हात लावला. काठाच्या खाली एक बारीक कंगोरा होता. केसाएवढा, पण होता. मला कळलंच नव्हतं.

"व्हय," बबन पोत्यावरून म्हणाले. "एकदा उचलली. ऐकली मी."

मला राग आला. "मग बोलला का न्हाई?"

"बोललो आसतो तर दचकून दुसऱ्यांदा उचलली आसतीस."

दिनकर तोंड फिरवून हसला. आबांनी काठवट काखेत मारली आणि घराकडं निघाले. "एका कंगोऱ्यानं भाकरी अडत आसंल तर दसऱ्याला कळंल."

दसऱ्याला आम्ही दोघं आबांच्या ओट्यावर बसलो. आत आबांची बायको, त्यांना सगळे काकू म्हणायचे, भाकरी थापत होत्या. मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. बबनजवळ बसून बसून माझेही कान तयार झाले होते. पीठ मळल्याचा आवाज, मग थाप, थाप, थाप. काठवट फरशीवर हलली असती तर खटखट वाजली असती. नुसती थाप येत होती. मग काकूंनी आतून ओरडून सांगितलं, "अवो, ही काठवट कुनी केली? भाकरी लय सुरेख फिरतीया हिच्यात. माजी जुनी चुलीत घाला."

 काकूंनी तव्यावरची भाकरी आणि वाटीत भाजी बाहेर आणून दिली. ती भाकरी मी जेवले. आयुष्यात बऱ्याच भाकऱ्या खाल्ल्या, तेवढी चांगली एकही नव्हती. कपाचं विचाराल तर तो आणखी चार वर्षं कोनाड्यातच होता. काठवट आत गेली, कप बाहेर राहिला. पण आधी काठवट आत गेली, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेडवर गेलो. बबन लेथजवळ गेले आणि खुंटीवरची आपली पिशवी काढायला हात वर केला. दोनदा हात हुकला. मी मदत केली नाही. तिसऱ्यांदा खुंटी सापडली. पिशवी काढून त्यांनी खांद्याला लावली आणि आपल्या पोत्यावर जाऊन बसले. त्यानंतर पंचवीस वर्षं ते त्या पोत्यावर बसले. माल बघायचे नाहीत, ऐकायचे. कोणाच्या पटाशीची धार गेली, कोणतं लाकूड आतून पोकळ आहे, सगळं बसल्या जागेवरून सांगायचे. पुढं आबांचे हात कापायला लागले तेव्हा त्यांचा लेथ दिनकरनं घेतला. वीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी काम केलं. माझं लाटणं जड झालं की म्हणायचा, "वहिनी, हे माज्यासाटी का?"

खुंटी रिकामी झाली. मी भाकरीचं फडकं घेऊन हात वर केला, तर खुंटी उंच. बबनच्या उंचीला मारलेली, माझा हात पोचेना. टाचा उंच केल्या तरी चार बोटं कमी.

आबा बघत होते. म्हणाले, "थांब, खाली मारून देतो."

"नगा," मी म्हटलं. "तितंच ऱ्हाऊ द्या. उद्या कोनी म्हनाय नगं, खाली आनली म्हनून पोचली."

उरलेल्या आंब्याच्या तुकड्यांतून मी एक बुटका पाट केला. तो लेथच्या कामात मोडत नाही, पण माझ्या हातची ती दुसरी धड वस्तू. त्यावर उभी राहिले आणि फडकं खुंटीला लावलं. बारा वर्षांत पहिल्यांदा दुपारच्या भाकरीत भुसा नव्हता.

आता आबा नाहीत, काकू नाहीत, बबन नाहीत. शेड माझ्या नावावर आहे. गुडघे दुखतात, पाटावर चढताना भिंतीला हात लावावा लागतो. खुंटी तिथंच आहे. कालसुद्धा पिशवी तिलाच लावली.